बॉनेटच्या आतलं स्वस्तिक

"मोहिते, फक्त ट्यूनिंग करून द्या. इंजिन उघडू नका, ते ओरिजिनल आहे," डॉक्टर भागवत म्हणाले.

हे म्हणजे डॉक्टरांना कुणी सांगावं, ताप उतरवा पण पेशंटला हात लावू नका. पण डॉक्टर मंडळींशी गॅरेजवाल्याने वाद घालायचा नसतो. कॉव्हेंट्रीच्या आमच्या मराठी मंडळात हे न सांगता कळायचं. गणपतीला डॉक्टर पहिल्या रांगेत बसत आणि आम्ही फॅक्टरीवाले खुर्च्या मांडत असू. मी मुकाट्याने किल्ली घेतली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. डॉक्टर भागवत हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत. पेशंटची सगळी हिस्टरी वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही, असा त्यांचा लौकिक. त्यांनी साठच्या दशकातली एक दोन सीटची हिरवी स्पोर्ट्स कार घेतली होती. आमच्याच शहरात बनलेली, आता फॅक्टरीही नाही आणि मॉडेलही नाही. अशा गाडीला इथे क्लासिक म्हणतात. जुनी म्हटलं की लोकांना राग येतो.

गाडी चढावर खोकत होती. मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं आणि सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीची सुकलेली माळ.

"दसऱ्याची पूजा," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले. "सुधा बॉनेटवरच काढणार होती. मी म्हटलं, अगं वेडी आहेस का? या देशात गाडीवर स्वस्तिक? शेजारी पोलीस बोलावतील. मग तिने आत काढलं."

पूजा करायची, पण गोऱ्याला दिसता कामा नये. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं आयुष्य असंच बॉनेटखाली गेलं. पण त्या दिवशी या भित्रेपणाचे उपकारच झाले.

इंजिनाचा मुख्य लोखंडी ठोकळा म्हणजे ब्लॉक. तो सगळा खडबडीत असतो. एकच जागा सपाट असते, साधारण दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब. फॅक्टरीत तिथे इंजिनाचा नंबर ठोकतात. सुधावहिनींना स्वस्तिकासाठी सपाट जागा हवी होती, ती त्यांना बरोबर सापडली. तेलकट जागेवर कुंकू कसं लावायचं, म्हणून आधी त्यांनी ती घासून काढली होती. त्या घासण्यात वरचा हिरवा रंग निघाला होता. खालून लोखंड दिसायला हवं होतं. तिथे राखाडी लांबी दिसत होती, दारं-खिडक्यांच्या भेगा बुजवायला लावतात तसली.

मी नखाने जरा खरवडलं. एक आकडा अख्खाच्या अख्खा हातात आला.

"डॉक्टर, ही गाडी कुणी तुमच्या गळ्यात मारली?"

"गळ्यात मारली म्हणजे काय? मिस्टर व्हिटकम यांच्याकडून घेतली. ही इज अ जंटलमन. क्लासिक गाड्यांच्या क्लबचे हेड जज आहेत ते, शोमध्ये गाड्यांना नंबर देतात. हे बघा, केवढी फाइल दिली!"

फाइल खरंच केवढी तरी होती. वीस-पंचवीस वर्षांची बिलं, पत्रं, फोटो. तिचं वजन पाहूनच डॉक्टर भुलले असणार. मिस्टर व्हिटकम कसे बोलतात, त्यांच्या जाड लोकरी ट्वीडच्या कोटाला कोपरावर चामड्याचे तुकडे कसे आहेत, त्यांनी चहा स्वतःच्या हाताने कसा दिला, हेही मला ऐकवून झालं. बॉनेट किती वेळ उघडलं होतं, असं मी विचारलं. चहा आला म्हणून बंद केलं, असं उत्तर मिळालं. रोज माणसं बेशुद्ध करणाऱ्याला एका कप चहात भूल दिली होती.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ही गाडी ज्या फॅक्टरीत बनली, तिथल्या इंजिन शॉपमध्ये मी साठच्या दशकात लागलो. पहिली दोन वर्षं माझं काम एकच, नंबर ठोकणं. आकड्यांचे खिळे एका पोलादी चौकटीत बसवायचे, चौकट ब्लॉकवर धरायची आणि हातोड्याचा एकच घाव घालायचा. म्हणून आमचे आकडे एका ओळीत आणि एका खोलीचे असत. डॉक्टरांच्या गाडीवरचे आकडे सुटे सुटे ठोकलेले होते, कुणी वर तर कुणी खाली, बालवाडीतल्या मुलांच्या रांगेसारखे.

आणखीही खुणा होत्या. आमच्याकडे त्याच ब्लॉकचं इंजिन दोन गाड्यांत जायचं. एक ही स्पोर्ट्स कार, दुसरी चार दारांची साधी सलून, शाळामास्तर लोक घेत ती. सलूनच्या ब्लॉकला डाव्या बाजूला ब्रॅकेटसाठी दोन भोकं असत, स्पोर्ट्सच्या ब्लॉकला नसत. इथे ती भोकं बोल्ट घालून बुजवली होती आणि वर हिरवा रंग फासला होता. कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून पाजणारा भाग, सलूनला एक असे आणि स्पोर्ट्सला दोन. इथे दोन होते. एकाच्या पोटाला दोघांचं जेवण चाललं होतं, मग इंजिन खोकेल नाही तर काय करेल?

मी डॉक्टरांसमोरच सगळी लांबी काढली. खालून खरा नंबर आला. पुढे एकच अक्षर, म्हणजे सलून, स्पोर्ट्सच्या नंबरापुढे दोन अक्षरं असत; आकडे सरळ रांगेत आणि सगळी ओळ उजवीकडे किंचित चढलेली. ती चढण माझ्या ओळखीची होती. मी डावखुरा. माझी ओळ कायम उजवीकडे चढायची आणि फोरमन त्यावरून माझा उद्धार करायचा. हा नंबर मीच ठोकलेला होता.

डॉक्टर स्टुलावर बसले. मग खिशातून एक फॉर्म काढला.

"मोहिते, पुढच्या रविवारी क्लबचा शो आहे. गाडीचं इंजिन ओरिजिनल आहे असं ओनरने सही करून द्यायचं. खाली एका इंजिनिअरची सही लागते. तुम्ही फॅक्टरीतले, म्हणून मी तुमच्याकडेच..."

"हे पाहिल्यावर?"

"अहो, पण जज कोण? व्हिटकमच! ते स्वतः कशाला पकडतील? रंग पुन्हा लावून टाका. कोण बघतंय?"

मला खरंच संताप आला. डॉक्टरांना फसवलं म्हणून आला नाही. फसल्यावर ते लगेच फसवणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले म्हणून आला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "व्हिटकमचं नाव या गाडीवर कुठेही नाही. लॉगबुकवर, गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, तुमचं आहे. लॉगबुकात खोटा नंबर, इंजिनावर बुजवलेला नंबर, आणि आता फॉर्मवर तुमची सही. उद्या गाडी कुठे ठोकली, पोलिसांनी बॉनेट उघडलं, तर खोटारडा कोण ठरणार? हे इंजिन चोरीचं असलं तर? तुमचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन ज्या काउन्सिलकडे आहे, ते हे प्रकरण हसण्यावारी नेतील का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. वीस वर्षांत त्यांच्या नावाला एक डाग नव्हता. ते नाव आता एका सलूनच्या इंजिनाला टांगलेलं होतं.

शनिवारी आम्ही तिघं व्हिटकमकडे गेलो. डॉक्टर, मी आणि सुधावहिनी. वहिनींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या पर्स घेऊन मागच्या सीटवर येऊन बसल्या, एवढंच. वाटेत मी डॉक्टरांकडून काय बोलायचं ते दोनदा घोकून घेतलं. व्हिटकमचं शेत शहराबाहेर होतं. कोठारात सहा क्लासिक गाड्या रांगेत उभ्या, सगळ्या चकचकीत. एक वयस्क इंग्रज जोडपं निळी गाडी बघत होतं आणि व्हिटकम त्यांना चहा देत होता.

"माय डिअर डॉक्टर!" तो म्हणाला. "गाडीने लळा लावला ना?"

"सॉरी टु ट्रबल यू, मिस्टर व्हिटकम," आमच्या डॉक्टरांनी सुरुवात केली. घोकलेलं सगळं तिथेच संपलं. "एक छोटासा गैरसमज झालाय. कदाचित आमचीच चूक असेल..."

मी कपाळाला हात लावला. हाच माणूस नर्सला चुकीच्या सिरिंजसाठी रडवायचा. हाच मला, पंचवीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्याला, इंजिन उघडू नका म्हणाला होता. आणि ट्वीडच्या कोटासमोर स्वतःच्या फसवणुकीची माफी मागत होता.

मग मीच बोललो. लांबी, भोकं, अक्षर, सगळं सांगितलं. व्हिटकमने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि आपण कोण?"

"मेकॅनिक."

"अच्छा." तो डॉक्टरांकडे वळून हसला. "डॉक्टर, लोकल गॅरेजवाल्यांना काम काढायचं असतं. मी गाडी दिली तेव्हा नंबर व्यवस्थित होता. त्यानंतर कुणी काय केलं, मला कसं ठाऊक असणार?"

डॉक्टरांनी मान डोलावली. खरंच डोलावली.

"मी केलं," सुधावहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. वहिनी इंग्रजीत बोलत होत्या, सावकाश, एकेक शब्द ठेवत. एरवी त्या अशा ठिकाणी बोलत नसत.

"पूजेआधी मी जागा साफ केली. नेलपॉलिश रिमूव्हरने. मिस्टर व्हिटकम, फॅक्टरीतला नंबर लोखंडात असतो ना? नेलपॉलिश रिमूव्हरने लोखंड निघतं का?"

व्हिटकमने चहाची किटली उचलली.

वहिनींनी पर्स उघडली. आतून कापूस काढला आणि एक छोटी गुलाबी बाटली. टोपण फिरवून कापूस भिजवला. मग त्या शांतपणे निळ्या गाडीकडे चालू लागल्या.

"याही गाडीचं बॉनेट उघडता का? मी फक्त नंबरची जागा पुसणार. दोन मिनिटं लागतील."

निळ्या गाडीसमोरच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "हो, मलाही बघायला आवडेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

व्हिटकम वहिनींच्या आणि बॉनेटच्या मध्ये येऊन उभा राहिला. इतका वेळ तो जंटलमन होता, आता नुसता ट्वीडचा कोट उरला. "डॉक्टर, आपण ऑफिसात बोलू," तो म्हणाला.

ऑफिसात सगळं अर्ध्या तासात झालं. ओरिजिनल इंजिन फुटलं होतं, भंगारात पडलेल्या एका सलूनचं आणून बसवलं होतं. भंगारवाल्याची पावतीही निघाली, खऱ्या नंबरासकट. म्हणजे चोरीचा प्रश्न मिटला. वीस-पंचवीस वर्षांचे कागद फाइलीत लावणाऱ्याला हा एकच लावायला सुचलं नव्हतं. त्याने सगळं लिहून सही करून दिली. गाडी परत घेतो असंही म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा त्या हिरव्या गाडीवर जीव जडला होता, ते मला दिसत होतं.

"ठेवा," मी म्हटलं. "इंजिन वाईट नाही. त्याला जे आहे ते राहू दिलं की चालेल."

मी बोल्ट काढले, दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले, सलूनचा एक जुना बसवला. सपाट जागा नीट पुसली आणि रंग लावला नाही. गाडी चढावर खोकायची थांबली. स्पोर्ट्सइतकी पळत नव्हती, पण डॉक्टर तरी कुठे पळवणार होते? लॉगबुकातला नंबर बदलून घेतला.

रविवारच्या शोला व्हिटकम आला नाही. तब्येत बरी नाही असं कुणीतरी जाहीर केलं. डॉक्टरांनी फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, इंजिन ओरिजिनल नाही, सलूनचं आहे. खाली मी सही केली. गाडीला काही बक्षीस मिळालं नाही. ती कोपऱ्यात उभी होती, बॉनेट उघडं, शेवंतीची ताजी माळ आणि स्वस्तिक सगळ्यांना दिसेल असं. नव्या जजने वाकून विचारलं, हे काय आहे?

डॉक्टरांनी क्षणभर इकडे तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "पूजा केलीय. माझ्या बायकोने. आणि नंबर ठोकलाय तो या माझ्या मित्राने."

पुढच्या गणपतीला मात्र डॉक्टर पुन्हा पहिल्या रांगेत होते आणि मी खुर्च्या मांडत होतो. तेवढ्याने माणसं बदलत नाहीत. आता ते जुनी गाडी बघायला जाताना मला नेतात, वहिनींनाही नेतात. विकणारा चहा विचारतो, डॉक्टर हो म्हणतात, आणि वहिनी पर्समधून कापूस काढतात.