कारण कागदावर लिहा

चाकणच्या ज्या कंपनीत मी गाड्यांचे ब्रेक जोडतो, तिथे दरवर्षी रक्तदान शिबिर भरतं. चार वर्षं रांगेत पहिला मीच असायचो. चौथ्या शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, एकदा येऊन भेटा म्हणाले. तिथून सरकारी दवाखान्यात पाठवलं. पुन्हा तपासणी झाली आणि तिथल्या बाईंनी दार लावून घेऊन सांगितलं, एचआयव्ही आहे.

कसा झाला ते मी इथे लिहिणार नाही. ते विचारायचा हक्क एकाच माणसाला होता, माझ्या बायकोला. तिला सगळं सांगितलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी स्वतःच जाऊन तपासणी करून आली. तिला नव्हता. पुढच्या तपासणीतही निघाला नाही. "एक दिवस जरी गोळी चुकवलीत, तर मी लातूरला माहेरी निघून जाईन," एवढंच म्हणाली. हा राग होता की काळजी, मी अजून विचारलेलं नाही.

रोज जेवणानंतर एक गोळी. सुरुवातीला डोकं गरगरायचं, मग थांबलं. तंबाखू सोडली. सकाळी चिखलीच्या रस्त्यांवर चालायला लागलो. उतरलेलं वजन भरून आलं. पुढे रिपोर्ट आला, त्यात रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा आणि आरामात म्हातारे व्हा."

पाचव्या शिबिराला मी रांगेत नव्हतो. लाइनवर माझ्या शेजारी उभा राहणारा एक जण, माझ्याच तालुक्यातला, सहा वर्षं माझ्यासोबत जेवणारा, खोदून खोदून विचारायला लागला. मी खरं सांगितलं.

"भावा, माझ्या पोटात राहील," तो म्हणाला.

शिफ्ट सुटायच्या आत सगळ्या लाइनला कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्याने माझ्यापुढे कागदी प्लेट सरकवली. "वरून सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला. मी प्लेट तिथेच ठेवली आणि सगळ्यांसारखं स्टीलचं ताट उचललं. टेबलाशी बसलो तसे पाच जण उठले. पाचवा माझ्या तालुक्यातला तोच होता. मी पोटभर जेवलो. मुद्दाम दुसऱ्यांदा भात घेतला.

दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा टाइप करून तयार होता, फक्त माझी सही बाकी.

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. गुपचूप मिटेल," ते म्हणाले.

"मी काम नीट करत नाही का?"

"तसं नाही. लोक घाबरतात."

एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, हे दवाखान्यातल्या बाईंनी मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, "साहेब, मी राजीनामा देणार नाही. तुम्ही काढा. पण कारण कागदावर लिहा. एचआयव्ही आहे म्हणून काढतोय असं लिहा आणि खाली तुमची सही करा."

"आवाज खाली करा."

"माझा आवाज असाच आहे."

त्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मला मात्र लाइनवरून उचलून स्टोअरला टाकलं, जिथे दिवसभर कुणाशी बोलायला लागत नाही. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली, तिची प्रत कामगार खात्यात नेऊन दिली. दोन महिन्यांनी, कुणी काही न बोलता, मला पुन्हा लाइनवर घेतलं.

मागच्या महिन्यात कंपनीच्या बसमध्ये तो तालुक्यातला माझ्या शेजारी येऊन बसला.

"सोड ना राव झालं गेलं. घाबरलो होतो मी."

"घाबरला होतास तर माझ्यापासून लांब राहायचं. लाइनभर का सांगत फिरलास?"

तो म्हणाला, "माफ कर ना."

"नाही," मी म्हणालो आणि उठून पुढच्या सीटवर बसलो. बसमधले सगळे बघत होते. बघू दे.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एवढा राग धरू नका, बीपी वाढेल. दवाखान्यात गोळ्या आणायला जातो तेव्हा बीपी तपासून घेतो. नॉर्मल आहे.