हरणारा संघ आणि अण्णांचा गुडघा

माझा आवडता बास्केटबॉल संघ अमेरिकेतल्या एका थंड शहरात आहे. त्या शहरात मी कधी गेलेले नाही आणि जाण्याचा योगही दिसत नाही. कॉलेजात असताना कॉलेज रोडवरच्या एका हातगाडीवर मला त्यांचा टीशर्ट मिळाला. त्यावर शहराच्या नावातलं एक अक्षर गळलेलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या संघात खेळायचे, आणि खेळणाऱ्या मुलीचा एखादा आवडता संघ असावा म्हणून टीशर्टावर जो होता तो माझा झाला. संघ निवडायची याहून चांगली रीत असेलही. मला ती कोणी सांगितली नाही.

गेल्या हंगामात हा संघ फार वाईट खेळला. तज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे तळाला राहणार, आणि आमच्या खेळाडूंनी तज्ज्ञांचा शब्द खाली पडू दिला नाही.

तिकडचा हंगाम आपल्या दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, एकामागून एक, नाशकात करायचं ठरलं, आणि ते चांदवडजवळच्या गावाहून आमच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या लग्नाला ते आले नव्हते. कांदे काढायचेत, असा निरोप त्यांनी पाठवला होता. लग्न जुलैत होतं. जुलैत चांदवडात कोणी कांदे काढत नाही. कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं: मी त्यांच्या जातीतली नव्हते. पुढे सणासुदीला ते फोन करत, पण मुलाला. माझ्यासाठी निरोप असला तर ‘तिला सांग’ म्हणत. मीही ‘अण्णांना सांग’ म्हणायचे. माझे यजमान अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. निरोप पोचवण्याची त्यांना सवय होती.

अडचण अशी झाली की यजमानांची पहिली पाळी होती. ते उजाडायच्या आत निघायचे आणि घरात अण्णा आणि मीच उरायचो. मराठीत मात्र माणसाला हाक न मारता पुष्कळ बोलता येतं. ‘चहा व्हायचाय का?’ अण्णा भिंतीला विचारायचे. ‘झालाय,’ मी ओट्याला सांगायचे. असा पहिला आठवडा गेला.

तिकडे संध्याकाळी सुरू झालेला सामना आमच्याकडे पहाटे-सकाळी दिसतो. मी टीव्ही लावून एकीकडे डब्याच्या पोळ्या करायचे. अण्णांना हॉलमध्येच कॉट टाकून दिली होती, त्यामुळे त्यांना सामना बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाय उशीवर ठेवून ते बघत राहायचे. एका सकाळी त्यांनी टीव्हीकडेच बघत विचारलं, “यातले आपले कोणते?”

‘आपले’ हा शब्द ऐकून मी तवा सोडून बाहेर आले. “पांढरे,” मी म्हटलं.

“आणि हरून राह्यलेत ते?”

“तेच.”

“मंग बरोबर,” अण्णा म्हणाले. काय बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर ते रोज बघू लागले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि शेवटपर्यंत फारसं कळलं नाही. चेंडू न आपटता जास्त पावलं टाकली की तो समोरच्या संघाला जातो, हे मी कितीदा तरी सांगितलं. “चालायचंच नाय तर मैदान एवढं मोठं कशाला केलंय?” असं त्यांचं म्हणणं. समालोचन इंग्रजीतून चालायचं. “काय म्हणतोय त्यो?” अण्णा विचारायचे. “सुरुवात चांगली झाली नाही, म्हणतोय.” “ते मलाबी दिसतंय.”

आमचे कोच सामना संपल्यावर रोज एकच सांगत, की हा संघ तरुण आहे, शिकतो आहे. थंडी सुरू झाली, संक्रांत आली, अण्णांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी संघ शिकतच होता. मला राग येईनासा झाला होता. खूप वर्षं चाहती असलं की पराभवाचे प्रकार ओळखता येतात. आघाडी घेऊन हरणं, शेवटच्या सेकंदाला हरणं, पहिल्या पाच मिनिटांतच हरणं. पहिल्या पाच मिनिटांतला पराभव सगळ्यात सोयीचा, कारण मग पोळ्यांकडे नीट लक्ष देता येतं.

मग आमचा कॅप्टन गेला. तिकडे हंगामाच्या मध्यावर संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. खेळाडूला विचारतातच असं नाही. आमचा कॅप्टन, आमच्यातला एकच धड खेळणारा, आदल्या सामन्यात आमच्याकडून खेळला आणि दोन दिवसांनी दुसऱ्या संघाच्या हिरव्या कपड्यात बाकावर बसलेला दिसला.

“ह्यो तिकडं काय करतोय?” अण्णा उठून बसले.

“त्याला दिला त्यांना. बदल्यात दोन पोरं घेतली.”

“त्यो काय म्हणला?”

“त्याला सकाळी फोन आला म्हणे. दुपारी विमानात बसला.”

अण्णांनी पाय उशीवरून खाली घेतला. मग म्हणाले, “बदली.” आणि त्यांनी मला त्यांची सुरगाण्याची गोष्ट सांगितली. आमची ती पहिली लांबलचक बातचीत. घाटातून सुरगाण्याला जाणारी मुक्कामी गाडी त्यांच्याकडे बरीच वर्षं होती. भात निघाला की बायाबापड्या पोरांना काखोटीला मारून कामाला नाशिककडे यायच्या, त्या त्यांच्याच गाडीने. कोण कुठे उतरणार ते त्यांना पाठ होतं. एका सकाळी डेपोत ऑर्डर आली, त्यांना मनमाडला टाकलं होतं. “शेवटची गाडी आणली तवा मला ठाऊकच नव्हतं शेवटची हे म्हणून,” ते म्हणाले. “नायतर जरा दमानं आणली असती.”

मी गॅस बंद करून तिथेच उभी होते. मी म्हटलं, “अण्णा, अजून थोडा चहा देऊ?”

“दे,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला.

कॅप्टन गेल्यावर अण्णांनी नवा माणूस धरला. आमच्या बाकाच्या टोकाला एक म्हातारा खेळाडू बसायचा. म्हातारा म्हणजे त्या धंद्यातला, अडतिशीचा असेल. दाढी पिकलेली, दोन्ही गुडघ्यांना काळे पट्टे. त्याला खेळवत नसत. पोरांना चार गोष्टी सांगायला ठेवला होता. “त्याचे बी दोन्ही गेलेले दिसतात,” अण्णा म्हणाले, आणि फिजिओथेरपीवाली आल्यावर तिलाही त्यांनी त्याच्याविषयी विचारलं. असल्या गुडघ्यांनी माणूस उडी मारू शकतो का? ती म्हणाली, तुम्ही आधी पाय पुरता वाकवा.

मार्चमध्ये माझं आणि अण्णांचं भांडण झालं. तिकडे नियम असा की हंगामात जे संघ सगळ्यात वाईट खेळतात, त्यांना पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून आधी निवड करायची जास्त संधी मिळते. चिठ्ठ्या टाकतात, पण हरणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. त्या वर्षी एक असा पोरगा येणार होता की जो संघ त्याला घेईल त्याचं दहा वर्षांचं भलं होईल, असं सगळे म्हणत. म्हणून शेवटी शेवटी मी आमच्या हरण्यावर खूश असायचे. एकदा आम्ही आणखी एक सामना घालवला आणि मी टाळी वाजवली.

“टाळी कशापायी?” अण्णांनी विचारलं. मी त्यांना नियम समजावला.

“म्हंजे मुद्दाम हरायचं?”

“मुद्दाम नाही. पण जिंकून आता फायदा नाही.”

“मंग माणसं तिकिटं काढून काय बघायला आलीत?”

“भविष्य,” मी म्हटलं.

“मी नाय बघत जा असलं,” असं म्हणून अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस खरंच बघितलं नाही. चहासुद्धा परत भिंतीकडेच मागितला. मी यजमानांना म्हटलं, “अण्णांना सांग, मी चुकीचं काही बोलले नाही.” यजमान म्हणाले, “आता तुमचं तुम्ही बघा. माझा या खेळाशी संबंध नाही.” तिसऱ्या दिवशी अण्णा आपणहून बघायला बसले, पण माझ्याशी बोलणं कमी होतं.

घरच्या मैदानावर हंगामातला शेवटचा सामना आला. हरलो असतो तर तळाची जागा पक्की होती. कोचनी बरेच नेहमीचे खेळाडू दुखापतीच्या नावाखाली बसवून ठेवले होते. कोणाचा अंगठा, कोणाची पाठ. मग माणसं कमी पडली म्हणून त्यांनी बाकाच्या टोकावरच्या म्हाताऱ्याला उतरवलं. समालोचक म्हणाला की हा बहुधा त्याचा शेवटचा सामना. मी ते अण्णांना सांगितलं. ते हातात काठी धरून कॉटच्या काठावर आले.

म्हाताऱ्याने उडी एकदाही मारली नाही. लांब उभा राहून तो चेंडू टाकायचा आणि चेंडू जाळीत जायचा. पहिले दोन गेले तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, जाऊ दे, हौस आहे. मग गेले ते जातच राहिले. समोरचा संघ गोंधळला. आमची पोरंही गोंधळली आणि घोळात चांगली खेळायला लागली. शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली, तेव्हा मी हॉलच्या मधोमध उभी होते आणि स्वयंपाकघरातून पोळी करपल्याचा वास येत होता. आमचा पराभव व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. म्हाताऱ्याकडे चेंडू आला. “टाक!” मी ओरडले. अण्णाही ओरडले, पण त्यांचं ओरडणं खरं होतं. माझं कुठून आलं ते मला माहीत नाही.

चेंडू गेला. आम्ही जिंकलो. तळाची जागा गेली.

अण्णा काठी न धरता उभे होते. आम्हा दोघांच्याही लक्षात ते जरा उशिरा आलं. “बैस पोरी, रडती काय?” ते म्हणाले. मी म्हटलं, दहा वर्षांचं वाटोळं झालं म्हणून रडतेय. ते काही त्यांना पटलं नाही.

मे महिन्यात चिठ्ठ्या निघाल्या आणि तो पोरगा दुसऱ्याच संघाला मिळाला. अण्णा तोवर गावी परतले होते. मी फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्याच्या नशिबात आपण नव्हतो,” आणि मग म्हणाले की पुढच्या रविवारी गावात देवीचा कार्यक्रम आहे, या. याआधी मी त्या घरात कधी गेले नव्हते. यजमानांना दोनदा विचारलं की बोलावणं दोघांना आहे का. ते म्हणाले, मला तर फोनच आला नाही.

आम्ही गेलो. ओसरीवर अण्णांचे थोरले भाऊ, भावजय, आणखी पाच-सहा माणसं बसली होती. मी वाकून नमस्कार करत गेले. सगळे अंग चोरत होते. अण्णा म्हणाले, “ही आमची सून. हिला बास्केटबॉलचं लय कळतं.”

 थोरल्या चुलतसासूबाईंनी विचारलं, “तू सोता खेळायची का गं?”

“हो, कॉलेजात असताना.”

“साडी नेसून?”

“नाही,” मी म्हटलं. “हाफपँटमध्ये.”

 थोरल्या भावांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं.

“मंग काय धोतर नेसून खेळत्यात का?” अण्णा म्हणाले. “पानं घ्या जेवायला.”

पानं घेतली.