घाटीवर फिरणारी चाकं

धाकट्या भावाची गाडी जुनी, तीही दुसऱ्याकडून घेतलेली, आणि तरी आमच्या घराकडे चढणारी घाटी ती एका दमात चढायची. माझी नवी होती. घाटीच्या मध्यावर फणसाच्या सावलीत सिमेंटवर शेवाळ धरतं. तिथे पोचली की चाकं जागच्या जागी फिरायची, रबराचा वास सुटायचा आणि गाडी हळूहळू मागे यायची. हॅचबॅक बरी, लहान असते, चढाला हलकी, असं घेताना सगळ्यांना मीच सांगितलं होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी मनाला लावून घेतलं नसतं. पण आईचे गुडघे गेलेत. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी मालवणला न्यावं लागतं, आणि परतताना माझी गाडी अडकली की उरलेली अर्धी घाटी तिला पायी चढावी लागायची. भाऊ गोव्यातली नोकरी सोडून घरी आला आणि श्रावण येईस्तोवर आई त्याच्याच गाडीतून जायला लागली. इतकी वर्षं तिला दवाखान्यात, देवळात, माहेरी मी नेलं. हा तेव्हा सणाला मिठाईचा पुडा घेऊन यायचा. आता सकाळच्या चहाला ती त्याला विचारायची, किती वाजता निघायचं म्हणून, आणि मी तिथेच बसलेला असायचो. जळत होतो मी. त्याला दुसरा शब्द नाही.

गाडी दुरुस्त केल्याशिवाय आई परत मिळायची नाही, हे मी डोक्यात पक्कं घेतलं. बावीस वर्षं मालवणच्या स्टँडवर रिक्षा चालवलेला माणूस मी, चढ मला कोण शिकवणार? रिक्षा मागच्या चाकांवर चालते. चिखलात ती घसरली की पाशिंजरांना मागे रेलून बसायला सांगायचं, वजन पडलं की चाक धरतं. तीच अक्कल मी इथे चालवली. दोन नवे टायर घेतले ते मागे बसवले. डिकीत जांभ्या दगडाचे दोन चिरे ठेवले. आई अधूनमधून यायची तेव्हा तिलाही मागच्या सीटवर बसवायचो. गाडी आणखीच घसरायला लागली, तेव्हा तिसरा चिरा टाकला.

एका दुपारी मी एकटाच गाडीत होतो आणि ती नेहमीच्या जागी अडली होती. भाऊ छत्री घेऊन खाली आला. वाकून चाकं बघत राहिला, मला आणखी एकदा रेस करायला लावली, मग खिडकीशी आला.

"दादा, फिरतत ती पुढची चाकां. ही गाडी पुढून ओढता. चिरे काढ, नवे टायर पुढे घाल आणि आवशीक पुढे बसव."

मी काच वर केली. तो सरळ मनाने बोलत होता हे मला तेव्हाही कळलं होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. घरी जेवताना मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं की क्लच प्लेट गेलीय, लोकांना गाडीतलं काही कळत नाही आणि शिकवायला पुढे. तो आमटी ओतून घेत राहिला.

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो आणि क्लच प्लेट बदला म्हणालो. मेस्त्रीने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन धाडकन बंद पडलं. क्लच घसरत असता तर इंजिन चालू राहिलं असतं, तो म्हणाला. मग पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. जागच्या जागी फिरून फिरून नक्षी गुळगुळीत झाली होती. डिकी उघडून चिरे पाहिले आणि घर बांधताय का, असं विचारलं. त्यानंतर भावाचंच बोलणं त्याने मला जवळजवळ शब्दाला शब्द ऐकवलं, आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावली.

नवे टायर पुढे आले, हवा जास्त होती ती बेताची केली, चिरे तिथेच कुंपणाला टाकले. घरी येऊन घाटीवरच्या चाकांच्या दोन पट्ट्यांतलं शेवाळ खराट्याने घासून काढलं.

त्या आठवड्यात आईला मीच मालवणला घेऊन गेलो, पुढे बसवून. परतताना घाटीला पहिला गिअर टाकला आणि पाय स्थिर ठेवला. फणसाखाली चाक जरासं सरकलं, धरलं, आणि आम्ही थेट घरापुढच्या खळ्यात. भाऊ तिथेच वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतत बसला होता. आई उतरली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "शेवटी तूच शोधून काढलंस. डोक्या आसा रे तुका."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. भाऊ माझ्याकडे पाहत होता, आणि मी किल्लीशी चाळा करत राहिलो.

"होय गो आये," तो म्हणाला, "दादाक गाडयेतला कळता." आणि तिची पिशवी घेऊन आत गेला.

त्याच्या गाडीचा हेवा मी दोन महिने केला. त्या दुपारी खळ्यात उभं राहून खुद्द त्याचा केला, आणि तो हेवा अजून जात नाही.