डाव्या हातातली थरथर

बाबांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. बोरी अरबहून सकाळची एसटी पकडायची, यवतमाळला उतरायचं, रुग्णालयाच्या तळमजल्यावर नंबर लावायचा. मी दारव्ह्याच्या कचेरीत कारकून. त्या दोन दिवसांची रजा मी इतक्यांदा टाकली की साहेबांनी माझ्याकडे बघणंच सोडलं होतं.

सुरुवातीला मानेत नळी घालून डायलिसिस व्हायचं. मग डॉक्टर म्हणाले, हातात फिस्टुला करू. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडायच्या, म्हणजे शीर फुगते आणि पुढे तिच्यातच सुया टोचता येतात. हे मला शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या बायकोने समजावलं. डॉक्टर फक्त "सही करा" म्हणाले होते. ऑपरेशन डाव्या हाताला झालं. सुट्टी देताना सिस्टरने एक कार्ड दिलं. "हे सांभाळा. दीड-दोन महिन्यांनी हात वापरू. तोवर मानेतूनच." एवढं बोलून तिने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. कार्ड मी फाइलमध्ये ठेवलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा अंगणात हात पुढे करून बसले होते.

"बाई, हात लावून पाह्य बरं. आत काहीतरी फिरून राह्यलं."

मी बोटं टेकवली. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर. मी घाबरले. कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग फोन बंद. तीनदा तेच झालं. शेवटी मीच बाबांना म्हणाले, हाताला आराम द्या. बाबा म्हणाले, "झोपच लागत नाही वो. कानाखाली हात घेतला का मोटर चालू."

महिनाभराने त्यांना ताप आला. गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स सलाईन लावायला उजवा हात धरू लागली, तर बाबांनी तो मागे घेतला. "हा कामाचा हात हाये. याले राहू द्या. डाव्याले लावा, तो तसाबी बिघडेल हाये." नर्सने डाव्या हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि त्याच हाताला सलाईन लावली. मी शेजारी उभी होते. बाटली मीच धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा चेहरा इतका मोकळा मी कितीतरी दिवसांनी बघितला.

"थांबलं वो बाई! रातभर झोपलो."

मी पण हात लावला. सगळं शांत होतं. आम्ही चहा घेतला. खरंच सांगते, मला आनंद झाला.

शुक्रवारी डायलिसिसला गेलो. मशीन लावणाऱ्या तंत्रज्ञाला बाबांनी आपणहून सांगितलं, "भाऊ, हातातली मोटर बंद झाली बरं का." तो मानेतली नळी जोडत होता, कानाला फोन होता. "बरं बरं, काका," म्हणाला. त्याने हाताकडे बघितलंही नाही. त्याला मान हवी होती, हात नको होता.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर राउंडला आले. हात धरला, कान लावला, पुन्हा धरला.

"हे कधी बंद पडलं?"

"आठवडा झाला असेल," मी म्हणाले.

"आठवडा? आणि तुम्ही आज सांगता? थरथर थांबली की त्याच दिवशी धावत यायचं असतं. आता आत गुठळी घट्ट झाली. गेला हा फिस्टुला."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"कार्डावर सगळं लिहून आहे."

मी फाइल उघडली. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरात सगळंच होतं. थरथर ही चांगली खूण आहे, रोज हात लावून बघा. या हाताचा रक्तदाब घेऊ नका. या हाताला सुई टोचू नका. थांबल्यास ताबडतोब कळवा. खाली तोच नंबर, ज्यावर गाणं वाजायचं.

बाबा माझ्याकडे बघत होते. रागावले नव्हते. नुसतं विचारलं, "तुले तं इंग्रजी येते ना, बाई?"

मी दिवसभर कचेरीत इंग्रजी परिपत्रकं वाचते. खिडकीशी आलेल्या माणसाला "सूचना फलकावर लावली होती" असं तोंडावर सांगते. त्या कार्डाची मागची बाजू मात्र मी उलटून बघितली नाही, कारण उलटून बघा असं कोणी म्हणालं नाही.

नळी मानेतच ठेवावी लागली आणि तिला मग जंतुसंसर्ग झाला. बाबा हुडहुडी भरून खाटेसकट हलायचे. सोळा दिवस भरती होते. वाचले. नवीन फिस्टुला उजव्या हाताला करावा लागला. आता त्या हाताने वजन उचलायचं नाही, विळा धरायचा नाही. कापूस वेचायला बाया येतात तेव्हा बाबा बांधावर खुर्ची टाकून बसतात.

मी लेखी तक्रार दिली. उत्तर आलं नाही. पण प्रत्येक डायलिसिसनंतर मोबाइलवर संदेश येतो, आमच्या सेवेला किती तारे द्याल? तो एकदाही चुकलेला नाही.

परवा डायलिसिसबाहेरच्या बाकावर नेर गावची एक बाई बसली होती. हाताला ताजं बँडेज. मी तिला सांगायला लागले की या हाताला कोणाला सुई लावू देऊ नका. तेवढ्यात सिस्टर बाहेर आली.

"ताई, पेशंटला तुम्ही काही सांगत जाऊ नका. आम्ही सांगतो."

"केव्हा?" मी विचारलं.

ती आत गेली होती. नेरची बाई माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, हे आत वाजते, ते बंद पडाले पायजे का चालू राहाले पायजे? मी त मारोतीले नारळ बोलली, बंद पडू दे म्हणून."