झाकणावरचं बोट

आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराची किल्ली सिंधूताईंकडे असते. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म आया म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर कमिटीने त्यांच्या हाती किल्ली दिली, ती त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि तिथून ती फारशी हललेली नाही. नवरा गेला, मुलगा पुण्याला नोकरीत रमला. एक खोली, एक कूलर आणि पहाटे उठून विहार उघडणं, एवढंच त्यांचं जग. त्या दार उघडतात, झाडतात, मेणबत्ती लावतात आणि सीडी प्लेअर सुरू करतात. भोंग्यातून वंदना ऐकू आली की गल्ली कूस बदलते.

हा सीडी प्लेअर कोणाला तरी लग्नात आहेरात मिळाला होता. त्याने तो विहाराला दान देऊन टाकला. वरचं झाकण उघडून सीडी ठेवायची, अशी त्याची जुनी घडण. पुढे झाकण धड बसेना. ते जरासं उचललं गेलं की सीडी फिरायची थांबते. मग सिंधूताई वंदना संपेपर्यंत झाकणावर उजव्या हाताचं बोट दाबून बसू लागल्या. आम्ही सगळे मागे हात जोडून, त्या पुढे यंत्रापाशी. काही वजन का ठेवत नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "नाही चालत बाप्पा. बोटाचीच सवय हाय त्याले."

ही शुद्ध थाप होती, हे आम्हाला गेल्या थंडीत कळलं. एक दिवस सकाळी वंदना वाजलीच नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेजारची माया पाहायला गेली, तर सिंधूताई मोरीपाशी पडलेल्या. अंगात ताप, उठायची ताकद नाही. आदल्या संध्याकाळपासून तशाच होत्या. दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या परत येईपर्यंत मायाने त्यांची किल्ली घेऊन विहार उघडला आणि झाकणावर घरचा पितळी बत्ता ठेवून दिला. वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनतक्रार वाजली. सिंधूताई बऱ्या होऊन आल्या, तेव्हा मायाने किल्ली परत दिली आणि बत्ता मुकाट्याने घरी नेला. त्याबद्दल त्यांच्याकडे कोणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या गल्लीला तोंड आवरता येतं, हा मलाही नवा शोध होता.

एका अंकुशला तेवढं हे माहीत नव्हतं. तो बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टवर जातो आणि गल्लीत फक्त झोपायला येतो. यंदा तो कमिटीत आला आणि पहिल्याच बैठकीत त्याने मोबाइलवर एका नव्या स्पीकरचा फोटो दाखवला. कमिटीत मायाही आहे आणि मीही आहे. माझं घर विहाराला लागून आहे आणि बैठकीचा चहा आमच्याकडून येतो, याहून दुसरं कारण नाही.

"पेनड्राइव लावाचा, टायमर लावाचा," अंकुश म्हणाला. "वेळ झाली का आपोआप वाजते. कोणाले उठाची गरज नाही. मावशीले बी आराम."

पोरगा मनाने चांगला आहे. त्याला खरंच वाटत होतं, की आपण म्हातारीवर उपकार करतो आहोत. सिंधूताईंचा चेहरा मात्र उतरला.

"दुरुस्त करून पाहा ना," त्या म्हणाल्या.

"एवढं जुनं मशीन काहून दुरुस्त कराचं मावशी? पार्ट भेटत नाहीत आता."

आमचे अध्यक्ष दादाजी उमरेडच्या एसटीवर कंडक्टर होते. सगळ्यांना जागा करून देण्याची सवय त्यांना अजून आहे. त्यांनी विचारलं, "तोवर काही वजन ठेवून नाही चालत का?"

मी चहाच्या कपात पाहू लागलो. मायाने मात्र क्षणाचाही विचार केला नाही. "ठेवून पाह्यलं मी. नाही चालत."

ती बसली होती तिथे, बरोबर तिच्या डोक्यावर, भिंतीवर पंचशीलाचा फलक आहे. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मायाने दयेपोटी ते मोडलं आणि झालं भलतंच.

"मंग तर नवाच घ्या!" अंकुश म्हणाला. "एका बोटावर विहार चालवता का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात सिंधूताई उठून उभ्या राहिल्या.

"थांब गा अंकुश. माया खोटं बोलून राहिली. वजनानं चालते ते. दगडानं बी चालते. मले पह्यल्या दिवसापासून माहीत हाय."

"मंग बोट काहून ठेवता?"

"दार उघडून घरी गेली असती, तर मले कोणी विचारलं नसतं. बोट ठेवून बसली, तर लोक म्हणतात, सिंधूबिगर चालत नाही." पदराची किल्ली त्यांनी मुठीत धरली होती. "त्या दिवशी वंदना वाजली नाही, म्हणून माया आली. तुहा टायमर असता तर वंदना वेळेवर वाजली असती. अन् मी मोरीपाशी तशीच राह्यली असती."

चहावर साय धरली. अंकुशने मोबाइल खिशात घातला.

"उद्या सुट्टी हाय माही," तो खाली पाहत म्हणाला. "सीताबर्डीच्या दुकानात घेऊन जातो मशीन."

तिथे दुकानदाराने यंत्र उघडलं आणि बाकी सगळं ठीक आहे, झाकणाचा खटका तेवढा झिजलाय, असं सांगितलं. उभ्या उभ्या त्याने खटका बदलून दिला. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं अंकुश घरोघर विचारत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताईंनी नेहमीसारखं दार उघडलं, सीडी लावली आणि झाकणावर बोट ठेवून बसल्या. शिफ्टला जायच्या आधी अंकुशही आला होता. तो मागून हळूच म्हणाला, "मावशी, बोट काढा. आता काही होत नाही."

त्यांनी बोट उचललं. वंदना चालूच राहिली. हात थोडा वेळ झाकणावरच अधांतरी राहिला, त्याला कुठे जावं ते कळत नव्हतं. मग त्यांनी दुसरा हात वर आणला आणि दोन्ही जोडले.

इतकी वर्षं मी त्यांच्या मागे बसत होतो. सगळ्यांसाठी विहार उघडणाऱ्या या बाईला वंदनेत हात जोडायला मिळत नव्हते, हे मला त्या सकाळी दिसलं.