दस्तीखालचा आकडा

माईक हातात आला की मामा आधी खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढून माईकवरची धूळ पुसायचे, दोन बोटांनी टकटक करायचे, आणि फलंदाज अजून खुर्चीतून उठलेलाही नसायचा तोवर सुरू व्हायचे, "आता बघा, आता बघा कोण येतंय!"

कोण येतंय ते आम्हाला ठाऊकच असायचं. पंचक्रोशीतलाच कुणीतरी, सकाळी धारा काढून आलेला, उसनी बॅट घेऊन निघालेला. पण मामांचं वर्णन संपेपर्यंत तो खेळपट्टीवर पोचलेला असायचा, आणि पोचेपर्यंत त्याची चाल बदललेली असायची. तुमच्याही गावच्या मैदानावर असा एखादा आवाज असेल. नीट आठवून पाहा, सामने विसरले असाल, आवाज विसरला नसाल.

ज्वारीची काढणी उरकली की तेरच्या रस्त्यालगतच्या मोकळ्या रानात आमची टेनिस बॉलची स्पर्धा भरते. मी तिचा सचिव. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे याद्या करायची सवय हाडातच आहे. संघांची यादी, पंचांची यादी, पाण्याच्या जारची यादी, मंडपवाल्याला दोनदा सांगायच्या गोष्टींची वेगळी यादी. मामा, म्हणजे आख्ख्या गावाचे मामा, यातल्या कुठल्याच यादीत नसायचे. त्यांना कधी बोलवावं लागलं नाही. पहिल्या सामन्याच्या सकाळी ते पांढरा सदरा घालून टेबलाशी हजर असायचे आणि म्हणायचे, "शेक्रेटरी, पान कुठाय?"

त्यांचा धंदा जनावरांच्या बाजारातल्या दलालीचा. बैल दाखवायचा असला की त्याच्याभोवती फिरत ते असं वर्णन करायचे, की बैलसुद्धा मान वर करून उभा राहायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे. मैदानावर त्यांनी हीच विद्या माणसांना लावली. "खांदा बघा ह्याचा! पाय बघा! मागच्या साली ह्यानं हाणलेला चेंडू अजून घावला न्हाय!" चेंडू खरंच सापडला नव्हता. तो बॅटची कड लागून मागच्या विहिरीत पडला होता. पण एवढं कोण सांगत बसतं?

मी एकदा म्हणालो, "मामा, जरा खोटं कमी करा."

"खोटं कुठाय?" ते म्हणाले. "नाव घेतलं की अंगात येतंय. आधी नाव घ्यायचं, मग खरं व्हतंय."

याचा पुरावा म्हणून ते दत्ताकडे बोट दाखवायचे. दत्ता शेजारच्या गावचा, दूध गोळा करणारी गाडी चालवायचा. फलंदाजीला आठव्या नंबरावर यायचा, पस्तिशी ओलांडलेली, पोट सुटलेलं. मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'तेरणाकाठची तोफ'. वर्षाकाठी एखादा षटकार तो मारायचाही, आणि तो नेमका मामांनी गळा ताणलेला असतानाच. पुढे लोक त्याला दुधाच्या फेरीवरसुद्धा "तोफ आली" म्हणायला लागले. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर तोफेचं चित्र आलं. बायको चेष्टा करते म्हणून सांगायचा, पण चित्र पुसलं नाही.

मग मोबाइलवर गुण लिहायची पद्धत आली. हे आमच्याकडेच झालं असं नाही, तुमच्याकडेही झालं असेल. आधी नुसता धावफलक. नंतर पुण्यात नोकरी करणारी गावातली पोरं सुट्टी काढून लॅपटॉप घेऊन आली. प्रत्येक चेंडूची नोंद, प्रत्येक फलंदाजाचा आलेख, कोण कुठल्या बाजूला मारतो त्याचं चित्र, सीमारेषेजवळ मोठा पडदा आणि घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी थेट प्रक्षेपण.

मला ते आवडलं, आजही आवडतं. धावांवरून व्हायची ती भांडणं एका वर्षात बंद झाली. अणदूरचा एक काटकुळा गोलंदाज होता. कधी आला, कधी गेला, कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. आकड्यांनी दाखवलं की आख्ख्या स्पर्धेत त्याच्या चेंडूंवर सगळ्यांत कमी धावा निघतात. त्या आकड्यांवरच त्याला सोलापूरच्या एका संघानं बोलावलं. मामांनी पडद्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. म्हणाले, "ह्या पोराचं म्या एकदा बी नाव घेतलं न्हाय. अंगानं भरला न्हाय म्हणून माझी नजरच गेली न्हाय. मशीन बरुबर बघतंय शेक्रेटरी."

तेव्हा मामा यंत्रावर रुसले होते असं कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. त्यांची अडचण वेगळी होती. आकडे मोठ्यानं बोलायचे कसे, ही.

जनावरांच्या बाजारात स्तुती चारचौघात होते, आकडा उघड होत नाही. घेणारा आणि दलाल हातावर दस्ती टाकतात, आणि खाली बोटांनी बोलणी चालतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. ज्याच्या बैलाला कमी भाव आला, त्याची मान खाली जात नाही.

मामांनी हेच मैदानावर सुरू केलं. संघाचा कप्तान टेबलाशी येऊन विचारायचा, "मामा, ह्याचा स्ट्राइक रेट काय दावतंय?" मामा पडद्याकडे पाठ करून म्हणायचे, "आण हात." दस्ती टाकायची, खाली बोटं दाबायची, आणि वर माईकवर चालूच, "वाघ हाय, वाघ!" समोर दहा फूट उंच पडद्यावर तोच आकडा झळकत असायचा. पोरं हसून लोळायची. तरी कप्तान रांग लावायचे, आणि त्या निमित्तानं मीही बोटांची ती भाषा शिकलो.

प्रक्षेपण पाहणाऱ्यांना मात्र बोटं दिसत नव्हती. त्यांच्या तक्रारी येऊ लागल्या की बोलणारा एक सांगतो आणि पडदा दुसरंच दाखवतो. लॅपटॉपवाल्या पोरांनी मामांना समजावलं, अगदी अदबीनं. "मामा, वर्णन करा, पण आकडे खरे वाचा. एवढंच."

मी म्हणालो, "नको वाटत असेल तर राहू द्या, दुसरा कुणी वाचेल."

"न्हाय, न्हाय," मामा म्हणाले. "जमान्यासंगं चालाया पायजे. वाचतो की. साळा शिकलोय म्या चौथीपत्तुर."

उपांत्य सामना होता. दत्ताच्या संघाला शेवटच्या षटकात जिंकायला एक मोठा फटका हवा होता, आणि दत्ता उठला. सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. मामांनी माईक पुसला, टकटक केलं, "आता बघा," म्हणाले, आणि थांबले. मग पडद्याकडे वळून एखादा पोरगा धडा वाचतो तसं त्यांनी वाचलं. सरासरी चार. षटकार गेल्या वर्षात एक. सगळे फटके डाव्या बाजूला.

दोरीमागून कुणीतरी ओरडलं, "तोफ कसली रं, तेरखेड्याच्या फटाक्यातली फुसकी लवंगी हाय ही!"

हशा उसळला. वाईट बुद्धीनं कुणी हसलं नाही, मीही हसलो. प्रतिस्पर्धी कप्तानानं पडद्यावरचं चित्र पाहून चार जण डाव्या बाजूला नेऊन उभे केले. दत्ता अर्ध्या वाटेवर होता. त्याची चाल बदलली, पण यावेळी उलटी. पहिल्याच चेंडूला त्यानं डावीकडे उचलून मारलं आणि तिथं उभ्या असलेल्यानं पाऊलही न हलवता झेल घेतला.

परतताना त्याची वाट टेबलावरूनच जात होती. तो थांबला, बॅट काखेत धरली.

"मामा, आज नाव न्हाय घेतलं माझं."

तेवढंच. आवाजात राग नव्हता. मामांनी दस्ती माईकवर टाकली आणि माईक टेबलावर ठेवला. उरलेला सामना एका पोरानं बोलून काढला. आकडे सगळे बरोबर होते.

पुढच्या वर्षी पहिल्या सामन्याच्या सकाळी पांढरा सदरा दिसला नाही. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग पान बांधून घेऊन त्यांच्या घरी गेलो. अंगणातल्या बाजेवर पडून होते. दम लागत होता, बोलणं तुटक झालं होतं.

"दत्ता खेळतोय का?" पहिला प्रश्न हाच.

मला खोटं बोलता आलं असतं. "यंदा नाव दिलं नाही त्यानं," मी म्हणालो. "दुधाची फेरी वाढलीय म्हणतो."

"गाडीवरली तोफ?"

"खरवडून काढली."

मामा कुशीवर वळले. मग म्हणाले, "आमी दोघं वाचत व्हतो शेक्रेटरी. म्या आन् मशीन. मशीनला काय ठावं कोण ऐकतंय? मला तर दिसत व्हता त्यो, चालत येताना."

मी पान पुढे केलं. पान त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांत जुनं काहीतरी हललं. "तुमच्या त्या मशीनीत माझा आकडा हाय का हो?"

"नाही मामा. बोलणाऱ्यांचा नसतो."

"मग तुमी सांगा. धा पैकी किती?" उशाची दस्ती ओढून त्यांनी माझ्या हातावर टाकली आणि खाली हात दिला. हात गार होता. "आन् दत्ताचं वजा करून सांगा. मागं काय ठिऊ नका."

मी बोटं धरली आणि दाबली.

त्यांनी क्षणभर हिशेब लावल्यासारखे डोळे मिटले. "लई लावलंत."

"सौदा मोडायचा का?"

"न्हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. पक्का."

श्रावणात मामा गेले. यंदाच्या स्पर्धेत पहिल्या सामन्याआधी सगळे उभे राहिले. लॅपटॉपवाला पोरगा आदल्या दिवशी दुकानात आला होता. "काका, मामांचा फोटो पडद्यावर टाकतोय. खाली काहीतरी आकडा पाहिजे. किती वर्षं बोलले, किती सामने, काहीही चालेल. तुमच्याकडे सगळ्याच्या याद्या असतात."

असतात. पाण्याच्या जारचीसुद्धा असते. मामांचा एकच आकडा माझ्याकडे आहे. मी त्याला सांगितलं, नुसता फोटो टाक.