पुसलेला टॉवर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या दिग्दर्शकाने गिरणी संपावर शॉर्टफिल्म काढली. व्हीएफएक्स माझ्याकडे होतं. दादरमध्ये वाढलेल्या या दिग्दर्शकाने लालबागची चाळ पहिल्यांदा पाहिली ती आमच्या घरी शूटिंगला आला तेव्हा. आमच्या गॅलरीसमोर काचेचा उंच टॉवर आहे. संपाच्या काळात तो कुठून असणार?

"तू काढून टाक रे कॉम्प्युटरवर," तो म्हणाला, आणि कॅमेरा हातात धरून हलवत राहिला. त्याला म्हणे वास्तववाद हवा होता.

त्या वास्तववादापायी मी तीन आठवडे एकेक फ्रेम उघडून टॉवर पुसत होतो आणि तिथे आभाळ भरत होतो. गॅलरीत वाळत घातलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या कपड्यांच्या कडांनी तर जीव काढला.

कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणाले, "अशी जागा मुंबईत अजून शिल्लक आहे?"

"खूप शोधावी लागली, सर," दिग्दर्शक नम्रपणे म्हणाला.

माझ्या शेजारी बसलेल्या आईने विचारलं, "समोरचो टॉवर खंय गेलो?"

बाहेर चहा पिताना दिग्दर्शकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लोकेशन मस्त दिसलं ना?"

मीही मूर्खासारखा हो म्हणालो.